घाट उतरण्याआधी : जुन्या व्हॅनला मागे डिस्क ब्रेक लावावेत का?

ईद झाली, परीक्षा संपल्या की आपल्या घरांतून सफरीचे बेत सुरू होतात. कोल्हापूर, इचलकरंजी, मिरज भागातल्या ज्या घरांची सोयरीक घाटाखाली खारेपाटण, राजापूर, रत्नागिरीकडे झाली आहे, त्यांच्या गाड्या गगनबावड्यावरून कोकणात उतरतात. कुणाला निकाहला जायचे असते, कुणाला लेकीला माहेरी आणायचे असते, कुणाला मुलांना समुद्र दाखवायचा असतो. घरात माणसे दहा-बारा, त्यामुळे गाडी मोठी लागते. नवी मोठी गाडी परवडत नाही, म्हणून दहा-पंधरा वर्षे चाललेली व्हॅन घेतली जाते. अलीकडे तर अशा व्हॅनमध्ये पलंग, पाण्याची टाकी, शेगडी बसवून तिची 'कॅम्पर' करण्याची हौसही वाढली आहे. हॉटेलचा खर्च वाचतो, पडदानशीन बायकांना स्वतःची जागा मिळते, नमाजसाठी कुठेही थांबता येते. हौस वाईट नाही.

या हौसेबरोबर एक प्रश्न हमखास येतो. गाडीच्या मागच्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असतात. कुणीतरी सांगते, "मागे पण डिस्क टाकून घ्या, मग घाटात बिनघोर." आमच्या नात्यातल्या तिघा भावांनी मिळून अशी एक व्हॅन घेतली, तेव्हा त्यांच्या घरातही हीच चर्चा झाली. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे. गाड्यांचे कारागीर नव्हे. पण विज्ञानाच्या पुस्तकातली घर्षण आणि उष्णता ही दोन प्रकरणे इथे सरळ कामाला येतात. शिवाय गाडीत बसणार ती आपली मुले, आपले वडीलधारे. म्हणून या प्रश्नाचा आम्ही नीट अभ्यास केला, जाणत्या मिस्त्रींना विचारले आणि जे समजले ते इथे मांडत आहोत.

ब्रेक म्हणजे उष्णतेचा हिशेब

कोल्हापूरहून निघाले की कळे, साळवण, असळज करत गाडी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला पोहोचते. हा रस्ता हळूहळू चढत जातो, ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. गगनबावड्यानंतर मात्र सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो. तिथून दोन वाटा फुटतात. करूळ घाटाने वैभववाडी आणि तळेरे, भुईबावडा घाटाने खारेपाटण. दोन्हीकडे वळणामागून वळण आणि सलग उतार. २०२४ साली करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद ठेवला होता, तेव्हा छोट्या गाड्यांना भुईबावड्याचाच आधार होता. त्या अरुंद रस्त्याची आठवण अनेक वाचकांना असेल.

आता थोडे गणित करू. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन दोन टन, म्हणजे दोन हजार किलो धरा. ती शंभर मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे एकोणीस लाख साठ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एक लिटर साधे पाणी उकळीला आणायला सुमारे तीन लाख चौदा हजार ज्यूल लागतात. म्हणजे प्रत्येक शंभर मीटर उताराला सहा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. घाटाचा एकूण उतार पाचशे मीटर धरला तर तीस लिटरच्या वर! वलिम्याच्या मोठ्या देगेतले पाणी उकळवणारी ही आग चार चाकांमधल्या चार लोखंडी तुकड्यांत कोंडली जाते. चालकाने सगळा उतार नुसत्या ब्रेकवर काढला तर असे होते.

ही उष्णता बाहेर पडली पाहिजे किंवा मुळात ब्रेकमध्ये कमी गेली पाहिजे. ड्रम की डिस्क हा वाद खरे तर याच एका गोष्टीभोवती फिरतो.

ड्रम आणि डिस्क : फरक कशाचा?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे बिडाचे डबडे. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांच्यावर लायनर चिकटवलेले असते. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने व्हील सिलिंडर हे शू बाहेर ढकलतो, ते ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी बिडाची थाळी. तिला दोन बाजूंनी पॅड चिमटीत पकडतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर.

दोन्ही शोध एकाच काळातले आहेत. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक आणला तो १९०२ साली, आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले तेही १९०२ सालीच. पुढची पन्नास वर्षे मात्र ड्रमचीच चलती होती. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली आणि जगाचे लक्ष डिस्ककडे वळले.

ड्रमचा एक मोठा गुण आहे. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी आवळतो, त्यामुळे पायाच्या थोड्या जोरात जास्त पकड मिळते. दोषही तिथेच आहे. बंद डबड्यात उष्णता अडकते. बीड तापून फुगते, ड्रमचा व्यास वाढतो आणि शूंना जास्त अंतर जावे लागते. पेडल खोल जाऊ लागते. तापलेले लायनर गुळगुळीत होते, त्याची पकड घटते. घाटाच्या मध्यावर "ब्रेक लागेनासा झाला" म्हणतात तो बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. ब्रेक तुटलेला नसतो, तापून थकलेला असतो.

डिस्क उघडी असते, वारा लागतो, लवकर थंड होते. तापून फुगली तरी पॅडच्या जवळच येते, दूर जात नाही. पाण्यातून गेल्यावर डिस्क पाणी झटकून टाकते, ड्रममध्ये मात्र पाणी शिरले की थोडा वेळ पकड जाते. गगनबावडा हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक. जून ते सप्टेंबर इथे धुके आणि पाऊस यांचेच राज्य. तेव्हा हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. डिस्क सरस आहे हे खुल्या दिलाने मान्य करायला हवे.

मग कंपन्या मागे ड्रम का ठेवतात?

डिस्क इतकी चांगली, तर आजही बाजारात येणाऱ्या अनेक नव्या गाड्यांना मागे ड्रमच का? मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत रस्त्यावर आली आणि तिच्या जागी लोक घेतात त्या ईकोलाही पुढे डिस्क, मागे ड्रम आहे. जगभरात कॅम्पर म्हणून नावाजलेली जर्मनीची फोक्सवॅगन बस घ्या. तिला १९७१ च्या मॉडेलपासून पुढे डिस्क मिळाली, मागे मात्र पुढची अनेक वर्षे ड्रमच राहिले.

यामागे निव्वळ काटकसर नाही. ब्रेक दाबला की गाडी पुढे झुकते, बसलेली माणसेही पुढे झुकतात. वजन पुढच्या चाकांवर जाते आणि मागची चाके हलकी होतात. त्यामुळे जोराच्या ब्रेकिंगमध्ये साधारण साठ ते सत्तर टक्के काम पुढची चाके करतात. उतारावर हा कल आणखी पुढे सरकतो. मागच्या चाकांचे काम कमी म्हणून तिथे ड्रम पुरतो. उलट मागचा ब्रेक गरजेपेक्षा जोराचा झाला तर हलकी झालेली मागची चाके आधी जाम होतात, घसरतात आणि गाडीची शेपटी फिरते. घाटातल्या ओल्या वळणावर गाडी आडवी होण्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण हँडब्रेकचे. ड्रममध्ये हँडब्रेक सहज बसतो, एक दोर आणि एक लिव्हर पुरते. डिस्कला त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. थाळीच्या मधोमध लहान ड्रम ठेवावा लागतो किंवा लिव्हरवाला खास कॅलिपर लागतो. चढावर थांबलेल्या गाडीत मुले झोपली असतील तर हँडब्रेक ही जिवाची गोष्ट असते.

बदल करायचाच तर काय काय बदलते

तिघा भावांपैकी धाकट्याने गॅरेजमध्ये विचारले तेव्हा त्याला वाटले होते, ड्रम काढायचे, डिस्क बसवायची, एका दिवसाचे काम. तिथले वयस्कर मिस्त्री त्याला म्हणाले, "बेटा, डिस्क बसवायला वेळ नाही लागत. ब्रेक बसवायला लागतो." मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून सांगितली.

पहिली गोष्ट मास्टर सिलिंडर. ड्रमच्या छोट्या व्हील सिलिंडरला थोडे ऑइल पुरते. कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला जास्त ऑइल लागते. जुना मास्टर सिलिंडर तेवढे ऑइल ढकलू शकला नाही तर पेडल तळाला जाते. मोठा सिलिंडर टाकला तर पायाला जास्त जोर लागतो. ड्रमची आपोआप आवळण्याची मदतही डिस्कमध्ये नसते, म्हणून बूस्टरची ताकद पुरते का हेही पाहावे लागते.

दुसरी गोष्ट दाब राखणारी बारीक झडप. ड्रमच्या अनेक गाड्यांत ऑइलच्या लाइनमध्ये थोडा दाब सतत टिकवून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली आणि पुढे डिस्क लावली तर पॅड कायम थाळीला घासत राहतात. घाटात उष्णता कमी करायला म्हणून केलेला बदल मग स्वतःच उष्णता तयार करत बसतो.

तिसरी गोष्ट पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल. मागच्या चाकांकडे किती दाब जावा हे ठरवणारी झडप कंपनीने त्या गाडीच्या ड्रमसाठी बसवलेली असते. काही व्हॅनमध्ये ती मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली असते आणि गाडीतल्या वजनानुसार दाब कमी-जास्त करते. डिस्क लावल्यावर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. गाडीला एबीएस असेल तर त्याचा संगणकही जुन्याच ब्रेकच्या हिशेबाने चालत असतो.

चौथी गोष्ट ब्रॅकेट. ब्रेक दाबल्यावर चाक थांबवण्याचा सगळा पिळा कॅलिपर धरणाऱ्या पट्टीवर येतो. ती गॅरेजमध्ये पत्रा कापून, वेल्डिंग करून बनवली आणि एखाद्या दिवशी तडकली, तर कॅलिपर फिरतो, होज तोडतो आणि ब्रेक ऑइल रस्त्यावर सांडते. थाळी आणि कॅलिपर जुन्या रिमच्या आत मावतात का, हबचे माप जुळते का, हे प्रश्न वेगळेच.

या सगळ्याचा अर्थ बदल अशक्य आहे असा नाही. त्याच मॉडेलच्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने मागे डिस्क दिली असेल, तर तिचा पूर्ण संच, म्हणजे हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, झडप आणि हँडब्रेक यांसह, कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवून घेता येतो का हे विचारावे. अर्धामुर्धा संच आणि उरलेले जुगाड, हा रस्ता मात्र ड्रमपेक्षा धोक्याचा आहे.

कायदा आणि विमा

आपल्याकडे गाडीत फेरफार करणे हा केवळ मालकाच्या मर्जीचा विषय नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात सुधारणा झाली आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. म्हणून ब्रेकच काय, पलंग बसवायला आसने काढायची असली तरी आधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर जपून ठेवावे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. जुनी व्हॅन घेणाऱ्या घरांवर ही वेळ लवकर येते आणि तेव्हा घरगुती फेरफार अडचणीत आणतात. त्याहून मोठी अडचण विम्याची. बदल कळवलेला नसेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग भरपाईचे ओझे साऱ्या घरावर येते. जर्मनीतले हौशी लोक जुन्या कॅम्परचे ब्रेक बदलतात खरे, पण तिथेही अशा बदलाची तज्ज्ञाकडून तपासणी करून कागदावर नोंद करून घ्यावी लागते. तिकडचे व्हिडिओ पाहताना हा भाग आपल्या नजरेतून सुटतो.

जुना ड्रम नीट असेल तर

आता खर्चाचे बोलू. डिस्कसाठी बाजूला ठेवलेल्या पैशातला थोडा भाग आहे त्या ब्रेकवर खर्च केला तर घाटासाठी गाडी बरीच विश्वासाची होते. टायर झिजलेले, ब्रेक ऑइल काळे पडलेले आणि मागे मात्र चकचकीत डिस्क, हा इस्राफ आहे, आणि इस्राफ आपल्या दीनला पसंत नाही.

सगळ्यात आधी ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलसाठी ही हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळले की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली जाते. त्या क्षणी मागे ड्रम असो की डिस्क, दोन्ही सारखेच निकामी. आपल्या पावसाळी भागात दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे, नुसते वरून भरू नये. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला आहे तोच घालावा आणि लाइनमधली एअर नीट काढून घ्यावी.

मग चारही चाके खोलून पाहावीत. लायनर किती उरले, व्हील सिलिंडर पाझरतो का, अ‍ॅक्सलचे ऑइल सील गळून लायनर तेलकट झाले आहे का, हे डोळ्यांना दिसते. तेलकट लायनर घासून पुसून पुन्हा लावू नये, बदलावे. एका बाजूचे बदलले तर दुसऱ्या बाजूचेही बदलावे, नाहीतर गाडी ब्रेकवर एकीकडे ओढते. ड्रमला आत चाकोरी पडली असेल तर लेथवर घासून घेता येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे कसबी हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मात्र प्रत्येक ड्रमला व्यासाची कमाल मर्यादा असते. ती ओलांडली तर ड्रम पातळ होतो आणि लवकर तापतो. तेव्हा नवाच घ्यावा. शेवटी शू आणि ड्रममधले अंतर बरोबर जुळवून घ्यावे. पेडल खोल जाते अशी तक्रार कित्येकदा नुसत्या या जुळवणीने मिटते.

इथे एक विनंती. आमचे काही विद्यार्थी दहावीनंतर गॅरेजमध्ये कामाला लागतात. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी तोंडाने फुंकण्याची किंवा हवेच्या पाइपाने उडवण्याची सवय तिथे असते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा, असे त्या मुलाला आपण ग्राहक म्हणून सांगू शकतो. तोही कुणाच्या तरी अम्मीचा लाडका असतो.

आणखी एक हिशेब वजनाचा. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो वाढले. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, टाकीचे वजन वेगळे, आणि तो गाडीत नेणे तसेही धोक्याचे. त्यात लाकडी पलंग, कॅरिअरवर बॅगा आणि पुस्तकात लिहिल्यापेक्षा दोन माणसे जास्त. वर आपण जे गणित केले त्यात वजन वाढले की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पाणी वैभववाडीतही मिळते, टाकी घाट उतरल्यावर भरावी. हा फुकटातला ब्रेक आहे.

घाटात गाडी गिअर धरतो

मिस्त्रींनी धाकट्याला शेवटी सांगितले ते असे, "ज्या गिअरवर चढशील, त्याच गिअरवर उतर." ट्रकवाले हा नियम पूर्वीपासून पाळतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारी गाडी इंजिनच्या अडवणुकीने आपोआप आटोक्यात राहते. उताराची पुष्कळशी ऊर्जा इंजिन झेलते आणि देगेतली ती आग ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही. ब्रेक सतत पायाखाली धरू नये. वळणाआधी नेमका दाबून वेग उतरवावा आणि सोडावा, म्हणजे मधल्या वेळात ड्रम श्वास घेतो.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. इंजिन बंद झाले की बूस्टरची ताकद दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंतच टिकते, मग पेडल दगडासारखे होते. काही गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते. चमचाभर डिझेलसाठी हे करणाऱ्याच्या गाडीत मुलाबाळांना बसवू नये.

वाटेत जळका वास आला, पेडल खोल किंवा मऊ लागले, तर खालच्या गिअरमध्ये रुंद जागा पाहून थांबावे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकांना दगड लावावेत आणि निदान अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, बीड तडकते. पेडल तळालाच गेले तर घाबरून स्टिअरिंग सोडू नये. पेडल पटापट दाबत राहावे, एकेक गिअर उतरवावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी दरीपासून लांब, डोंगराच्या बाजूला घ्यावी. पाण्यातून गाडी काढल्यावर थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवावी, ड्रम सुकतो. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

निघण्याआधी घरात विचारायचे प्रश्न

गाडी हा पुरुषांचा विषय मानून घरातल्या बहिणी गप्प राहतात. पण मागच्या सीटवर लेकरे घेऊन त्याच बसतात. विचारायला गाडी चालवता यावी लागत नाही. सफरीच्या आधी आठवडाभर हे प्रश्न विचारा :

१. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले? तारीख सांगता येते का?
२. मागचे ड्रम खोलून लायनर शेवटचे कधी पाहिले?
३. उभ्या चढावर हँडब्रेक गाडी धरतो का?
४. टायरची नक्षी शिल्लक आहे का, स्टेपनीत हवा आहे का?
५. आर. सी. बुकात लिहिली आहेत तेवढीच माणसे बसणार आहेत ना?
६. चालकाची झोप झाली आहे का? त्याने याआधी घाट उतरवला आहे का?

तिघा भावांच्या घरात हे प्रश्न थोरल्या भावजयीने विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नव्हते. मग डिस्कचा बेत बाजूला राहिला आणि गाडी मिस्त्रींकडे गेली. एका व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरत होते आणि त्या चाकाचे लायनर भिजलेले निघाले. दोन्ही मागच्या चाकांचे लायनर आणि सिलिंडर बदलले, चारही चाकांचे ऑइल नवे भरले. पाण्याची टाकी लहान केली. डिस्कसाठी धरलेल्या रकमेतून उरलेल्या पैशात चार नवे टायर आले.

एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ही हदीस तिर्मिझीच्या संग्रहात आली आहे. गाडीत बसताना आपण सफरची दुआ पढतो. गगनगडाच्या पायथ्याशी थांबून वरच्या गैबी पीरांच्या दर्ग्याकडे पाहत कुणी हातही उचलतो. त्या दुआबरोबर ब्रेकही तपासलेला असावा, कारण गाडीत बसलेली माणसे चालकाकडे सोपवलेली अमानत आहेत.

या सुट्टीत घाट उतरणाऱ्या सर्व कुटुंबांचा सफर अल्लाह सुखरूप करो. आमीन.